रिकामी दोरी

आईने माझ्याकडे पहिल्यांदा संशयाने पाहिलं तेव्हा मी पोट धरून हसत होते, आणि ते पोट धरणंच मला पुढे भोवलं. मी रेश्माच्या घरी होते. रेश्मा माझ्या वर्गातली. तिची आई शाळेत शिकवायची म्हणून तिला आम्ही घरीसुद्धा टीचरच म्हणायचो. रेश्माचा भाऊ गोव्याला कामाला होता. येताना तो पिशवीभर सीडी आणायचा, आत काय आहे ते त्यालाही ठाऊक नसायचं. त्या दुपारी लागला तो इंग्रजी सिनेमा होता. एका शाळकरी पोरीला दिवस गेलेत आणि ती शाळेच्या बँडमध्ये ढोल वाजवते. पोट वाढत जातं तसा ढोल पुढे पुढे सरकतो, शेवटी हात पुरेनात. तिचा टक्कल पडलेला गरीब बाप ढोलाचा पट्टा उसवतो, परत शिवतो, परत उसवतो. पोरगी मात्र मान ताठ ठेवून मिरवणुकीच्या पुढे चालते, आणि तिला कोणी मारत नाही, कोणी कोंडत नाही. आम्हाला याचंच मोठं नवल वाटलं होतं. भाषा कळत नव्हती, म्हणून आवाज बारीक करून आम्ही आपली मालवणी घालत होतो. हेडमास्तरचं तोंड हललं की रेश्मा म्हणायची, “गो चेडवा, वाजवतलंस खंयचो ढोल?” आणि मी ढोलवालीच्या वतीने, “दोनय वाजतत सर, तुमी फक्त नाचा.”

आई मागच्या दारात कधी येऊन उभी राहिली ते कळलंच नाही. डोक्यावर मासळीची टोपली. टीचर तिचं ठरलेलं गिऱ्हाईक. तिथून तिला टीव्ही दिसत होता, आणि टीव्हीपेक्षा जास्त मी. “ह्या काय लावल्यानी?” तिने विचारलं. टीचर हसत म्हणाल्या, “अहो, विनोदी सिनेमा आहे. शाळेतल्या मुलीला दिवस जातात त्याचा.” आई म्हणाली, “आणि पोरां हसतत?” टीचर म्हणाल्या, “विनोदी आहे ना, मग हसणारच.” आईने सौंदाळे दिले, टोपली परत डोक्यावर घेतली आणि माझ्याकडे एकदा बघून निघून गेली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आमच्या घरात संशय मिठासारखा होता, सगळ्यात थोडा थोडा. धंदाच तसा. बंदरावर लिलावात मासळी घेताना आई कल्ला उचलून बघायची, डोळा दाबून बघायची, आणि समोरचा देवाची शपथ घ्यायला लागला की ती तिथून उठायची. “शपथ घेता म्हणजे कालची मासळी आसा,” असं तिचं मत. तिच्याबरोबर माझी तारा आते असायची, बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षाच्या आत तिचा नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून ती आमच्याकडेच. दोघी मिळून एसटीने कसालच्या बाजाराला मासळी घेऊन जायच्या. आते माणसांचेही कल्ले उचलायची. कोणाच्या घरी कोण आलं, का आलं, आणि मागच्या दाराने का गेलं, हे तिला त्या माणसाच्या आधी कळायचं. बाबा तेवढे वेगळे. ते एका होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख होते, घरी असले की पडवीत जाळं शिवत बसायचे आणि बोलायचं काम बायकांवर सोडून द्यायचे.

आता दोरीचं सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच झालं. घराच्या मागे दोन माडांच्या मध्ये एक दोरी होती. बाई बाहेरची झाली की तिची फडकी धुऊन त्या दोरीवर जुन्या लुगड्याखाली वाळत पडायची. वरून लुगडं दिसायचं, पण खाली काय आहे ते घरात सगळ्यांना माहीत. त्या दिवसांत आई बाजाराला जायचीच, आणि पाळी थांबेपर्यंत आतेही जायची, पोट कोणाला चुकलंय? पण स्वयंपाकघर नाही, देव नाही आणि सगळ्यात महत्त्वाचं, जाळं नाही. जाळ्याला विटाळ झाला तर दर्या रागावतो. होडी रिकामी आली की आते आधी बाबांकडे बघायची नाही, आमच्याकडे बघायची. माझ्यावर तर आणखी एक बंदी होती, पुस्तकाची. पुस्तक म्हणजे सरस्वती, असं आतेचं म्हणणं. दर महिन्याला मी पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटावर नुसती बसून राहायची आणि रेश्मा पुढे निघून जायची. मी बारावीत होते. मला शिकायचं होतं, शिकून टीचरसारखं व्हायचं होतं, आणि आमच्या घरात बारावीपर्यंत पोचलेली मीच पहिली.

टीचरांनीच मला एक दिवस पॅडचं पुडकं दिलं. रेश्माच्या घरी कोणी बाहेर बसत नसे, आणि आभाळ कोसळलेलं मी काही पाहिलं नव्हतं. मी विचार केला, फडकी नाहीत तर दोरी नाही, दोरी नाही तर कोणाला कळतंय? पावसाच्या सुरुवातीपासून मी बाहेर बसायचं सोडूनच दिलं. वापरलेलं कागदात गुंडाळून कडेच्या माडाच्या मुळाशी खड्डा करून पुरायची. एकदा आतेने मला खुरपं घेऊन बसलेली पाहिलं. “काय पुरतस गो?” मी म्हटलं, “माडाक मीठ घालतंय.” माडाला मीठ घालतात हे खरं, पण भर पावसात कोण घालतं? आतेने नुसता माड लक्षात ठेवला.

आणि मग ती उशी. आजही ते आठवलं की मला हसू येतं आणि अंगावर काटाही येतो. घरात कोणी नाही असं बघून मी फ्रॉकमध्ये उशी खुपसली, गळ्यात दोरीने पिठाचा रिकामा डबा अडकवला आणि आरशासमोर ढोलवालीसारखी चालून बघितली. एक हात कमरेवर, मान ताठ. बऱ्यापैकी जमतही होतं. वळले तर दारात आई. तिच्या हातातून टोपलीखालची चुंबळ खाली पडली. “काढ ता,” एवढंच म्हणाली. मी उशी काढली. तिने माझी हनुवटी धरली, खालची पापणी ओढून डोळ्यात बघितलं, अगदी लिलावात बघते तसं, आणि हात झटकून न्हाणीघरात गेली. आतून ओकल्याचा आवाज आला. बाहेर येऊन म्हणाली, “पित्त झाला माका. तुझ्या काळजीन.”

त्यानंतर माझ्यावर पहारा बसला. मी आरशासमोर उभी राहिले की आतेला खोलीत काहीतरी शोधायचं असे. एकदा तिने मिठातल्या आंबटढाण बिंबलांची वाटी मुद्दाम माझ्यापुढे ठेवली आणि समोर बसून राहिली. मला बिंबलं आवडतात, मी खाल्ली. आतेने आईकडे असं बघितलं की झालं, आता आणखी काय पुरावा पाहिजे! उरलेली वाटी आईने बोलता बोलता संपवली, तळाचं खारं पाणीसुद्धा प्यायली. तिच्याकडे कोणी बघितलं नाही. मीही नाही.

मग दसरा झाल्यावर आईने सांगितलं, “उद्यापासना शाळा नाय.” मी विचारलं, “कित्याक?” तर आते स्वयंपाकघरातून म्हणाली, “कित्याक ता तुकाच म्हायत. दोरी पावसापासना रिकामी आसा, आमी काय आंधळे?” तेव्हा मला सगळं लख्ख कळलं. एका वाक्यात सुटका होती, पण ते वाक्य बोलायचं कसं? पाळी येतेय असं सांगायचं, तर नारळी पुनवेला दर्याला द्यायचा नारळ मी सजवला होता. अनंत चतुर्दशीला गणपतीचे मोदक मी वळले होते. बाबांच्या जाळ्याच्या गाठी मी मारल्या होत्या. त्या सगळ्या वेळी मी बाहेरची होते! एका संशयातून सुटायचं म्हणजे दुसरा गुन्हा कबूल करायचा, आणि तो आमच्या घरात लहान नव्हता. खरं सांगायचं तर त्या मोसमात बाबांना सुरमई भरभरून मिळाली होती, पण ते आतेला कोण पटवणार? मी गप्प राहिले. गप्प राहण्याचा आमच्याकडे एकच अर्थ काढतात. आतेने देवगडकडचं एक स्थळ काढलं, पोट दिसायच्या आत उरकायचं म्हणून. “कोण तो, ता तरी सांग,” असं ती मला रोज विचारायची आणि वाडीतल्या पोरांची नावं घेऊन माझा चेहरा बघायची. शिरा पडो त्या नावांवर, त्यातल्या एकाकडे तरी मी ढुंकून पाहिलं असतं तर!

आईने लग्नाआधी डॉक्टरला दाखवायचं ठरवलं. मालवणात नको, सगळे ओळखतात. कसालला नको, तिथे तर अख्खा बाजार तिचा. कुडाळला नको, तिथे बाजारातली गिऱ्हाइकं जातात. शेवटी निघाला फोंडाघाट, घाटाच्या पायथ्याशी, जिथे आपलं कोणी नाही. विचारलंच कोणी तर सुकी मासळी विकायला चाललोय म्हणून सांगायचं, आणि ते खोटं वाटू नये म्हणून आईने खरंच सुके बांगडे आणि गोलमा, म्हणजे सुका जवळा, पिशवीत भरून घेतला. एसटीत ती पिशवी माझ्या मांडीवर होती आणि आई नाकाला पदर लावून खिडकीबाहेर तोंड काढून बसली होती. जन्मभर मासळीत हात घातलेली बाई! मला वाटलं, माझी किळस आली असेल हिला. मी रडत होते, तेही तिने बघितलं नाही.

डॉक्टरीणबाई उतारवयाच्या होत्या, चष्मा कपाळावर. “कोणाला दाखवायचंय?” त्यांनी विचारलं. आई बाजारात ठेवणीतली मराठी काढते तशी बोलली, “हिला. हिच्या पोटाचं बघायचं आहे.” बाईंनी माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि त्यांना समजलं. “शेवटची पाळी कधी आली तुझी?” मी पिशवीकडे बघत म्हटलं, “परवाच संपली.” आईची ठेवणीतली मराठी तिथेच संपली. “खोटा बोलता! दोरयेर एक फडको नाय पावसापासना!” बाई म्हणाल्या, “कुठल्या दोरीवर?” मग मला सगळं सांगावं लागलं, पॅड, माड, खुरपं, सगळं. आई ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावरची एक काळजी उतरून दुसरी चढत होती. “म्हणजे नारळी पुनवेक?” मी म्हटलं, “व्हय.” “अनंत चतुर्दशीक?” “व्हय.” “मगे ते मोदक?” “मीच वळलंय.” “देवा म्हाराजा!” आई म्हणाली आणि मटकन स्टुलावर बसली. बसली ती नेमकी सुक्या मासळीच्या पिशवीशेजारी. लगेच उठली, भिंतीपाशी बेसिन होतं तिथे धावली आणि भडाभडा ओकली.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “हे कधीपासून होतंय तुम्हाला?” आई तोंड धूत म्हणाली, “पित्त आसा ता. ह्या चेडवाच्या काळजीन.” “आणि तुमची पाळी?” “माझी बंद झाली. पावसाच्या तोंडार गेली ती गेलीच. वय झाला आता.” आणि मोठ्या कौतुकाने पुढे, “बरा झाला, सुटलंय एकदाची.” बाईंनी मला पडद्याबाहेर बसवलं आणि आईला टेबलावर घेतलं. आम्हा दोघींची लघवीही तपासली. मग मला आत बोलावलं आणि म्हणाल्या, “मुलगी व्यवस्थित आहे, तिला काही झालेलं नाही. दिवस गेलेत ते तुम्हाला, चार महिने होऊन गेले.” आई म्हणाली, “कोणाक?” बाई म्हणाल्या, “तुम्हाला.” आईने मागे वळून बघितलं, मागे आणखी कोणी उभं आहे का म्हणून.

परतीच्या एसटीत आई कसालपर्यंत डॉक्टरीणबाईंनी दिलेला कागद उलगडत होती आणि परत घडी घालत होती. माझ्या मनावरचं इतकं ओझं उतरलं होतं की मला सारखं हसू फुटत होतं, ते मी पदर नसल्यामुळे दप्तरासारख्या धरलेल्या पिशवीत दडवत होते. मग तिने माझा हात धरला. “वैशू, कोणाक सांगू नको हां,” ती म्हणाली, “लोक हसतले. लग्नाचा चेडू घरात आणि आवस...” तिचा आवाज अगदी लहान मुलीसारखा झाला होता. माझं हसू गेलं. इतके दिवस मी ज्या भीतीने मेले होते तीच आता तिच्या तोंडावर होती, आणि मला तिची इतकी माया आली की भांडण विसरून मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. पण पुढचं वाक्य तिने उच्चारलं आणि मी ताडकन सरळ झाले. ती देवबागेला माहेरी जाऊन राहणार होती, बाळंत होऊन येईपर्यंत, आणि मदतीला मला नेणार होती. “आणि माझी परीक्षा?” “पुढच्या वर्सा दी.” पुढच्या वर्षीची परीक्षा कशी असते ते मला माहीत होतं. आमच्या वाडीत पुढच्या वर्षी परीक्षा देणाऱ्या बऱ्याच बायका मासळी विकत होत्या.

घरी आल्यावर आईने आतेला बाजूला घेऊन सांगितलं. मी दाराआड होते. आतेने सगळं शांतपणे ऐकलं आणि आईच्या पाठीवर हात ठेवला. “बरा सुचला तुका, वयनी. असाच सांगूया लोकांका.” आई म्हणाली, “असाच म्हणजे?” “पोर तुझा म्हणान. देवबागेक जा, पोराक घेवन ये, चेडवाचा नाव खराब होवचा नाय.” आई म्हणाली, “अवो वन्सं, माझाच आसा!” “माका कित्याक सांगतस? मी काय परकी?” आई जितकी ओरडत गेली तितकी आते समजूतदार होत गेली. डॉक्टरीणबाईंचा कागद दाखवला, तर आते म्हणाली, कागदावर काय, नाव कोणाचंही घालता येतं. शेवटी आई पडवीत येऊन बसली. बाबा जाळं शिवत होते. तिने त्यांना सांगितलं. त्यांची सुई थांबली, त्यांनी आईकडे बघितलं, कानापर्यंत लाल झाले आणि म्हणाले, “बरा आसा मगे,” आणि परत शिवायला लागले. आई बराच वेळ आतेच्या खोलीच्या दाराकडे बघत राहिली. घरातलं माणूस मानत नाही तर देवबागेहून आणलेलं पोर आपलंच आहे हे वाडी काय मानणार, हे तिच्या डोक्यात फिरत असावं. मग मला हाक मारून म्हणाली, “देवबागेक कोण जावचा नाय, आणि ता देवगडचा स्थळय नको. तू उद्या शाळेत जा.”

मी आता शाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या मुली कसल्या कसल्या सिनेमांवर हसतात ते मी विचारत नाही. पण कोणी सलग आठवडाभर आली नाही की माझ्यातली आते जागी होते, आणि मी तिच्या घरी जाऊन येते. संशय रक्तातच आहे, निदान बऱ्या कामाला तरी लावावा म्हणते.

देवबागेला जायचं रद्द केलं त्या दिवसापासून आईने लुगडं बदललं. म्हणजे नेसणं बदललं. पदर पोटावरून घट्ट ओढून कमरेला खोचायची, दिसायचं ते नीट दिसावं म्हणून. कोणाच्या दारात थांबायची तर आडवी उभी राहायची. ज्या बाईला एसटीत तोंड लपवायचं होतं तीच आता बंदरावरून, देवळासमोरून, शाळेच्या फाटकावरून टोपली घेऊन चालत होती. ती लाजत होती, मला दिसत होतं, कारण घरी आल्यावर ती बराच वेळ मागच्या दारात एकटी बसायची. बाबांनी तिच्या टोपलीसाठी नवी, मऊ चुंबळ वळली. ती नीट बसली नाही म्हणून उसवून परत वळली. मला सिनेमातला तो टकला बाप आठवला, आणि मी रेश्माला सांगितलं तर ती रडायलाच लागली.

लोक हसले. हसणारच. पण हसणं वेगळं आणि विश्वास वेगळा. कसालच्या बाजारात कुजबुज निघाली की वयनीच्या पोटावर उशी बांधलेली आहे, खरी पोटुशी पोर घरात कोंडलेली आहे. ही कुजबुज कोणी सुरू केली ते मला सांगायची गरज नाही. आते वाईट नव्हती. तिला खरंच वाटत होतं की आपण भाचीची अब्रू राखतोय. घरी ती मला दूध द्यायची, जड उचलू द्यायची नाही, आणि आईला एकटीत म्हणायची, “माझ्यासमोर तरी सोड गो ती उशी, घाम येत असतलो.”

मग एका रविवारी, शाळा नव्हती म्हणून, मीही बाजाराला गेले होते. आईनेच नेलं, सडपातळ अंगाला फ्रॉक घालून चारचौघांत उभी राहा म्हणाली. आई, आते आणि इतर बायका रांगेत टोपल्या मांडून बसलेल्या, बांगड्यांना मागणी चांगली. एक गिऱ्हाईक बाई माझ्याकडे बघून आतेच्या कानात काहीतरी बोलली आणि आतेने डोळे मिटून मान हलवली, सगळं कळलेल्या माणसासारखी. आईच्या हातातला बांगडा तसाच राहिला. तिने तो टोपलीत टाकला, हात पाण्यात बुडवले, पदराला पुसले आणि आतेचं मनगट धरलं. माझी आई चारचौघांत कधी नणंदेला उलट बोललेली नव्हती. तिने तो हात ओढला आणि सगळ्या बाजारासमोर आपल्या पोटावर दाबून ठेवला. “बघा,” ती म्हणाली. “धरा हात. थांबा जरा.” रांगेतल्या बायका माना वळवून बघत होत्या. आते हात सोडवायला बघत होती, “सोड गो, लोक बघतत,” आणि एकदम ती बोलायची थांबली. तिचा चेहरा असा झाला की मी तसा कधी पाहिला नव्हता.

“खंयची उशी लाथ मारता, ता सांगा आता, वन्सं,” आई म्हणाली. “आणि ह्या माझा चेडू आसा. ता परीक्षा देतला.”

कोणीतरी हसलं, मग सगळ्या हसल्या, ती कानात बोलणारी बाईसुद्धा. आते हसली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि आईने मनगट कधीच सोडलं होतं, तरी तिने हात काढला नव्हता. उलट दुसराही हात आणून ठेवला. तिने आयुष्यात असं पोट कधी हातात धरलं नव्हतं, हे त्या क्षणी माझ्या आईलाही माझ्यासारखंच कळलं असणार, कारण ती हलली नाही, माशा येऊ दिल्या, गिऱ्हाइकं थांबू दिली. पुढे माझ्या भावाला आतेनेच वाढवलं, आणि आई म्हणते, “माझो तो कधी झालोच नाय.”

मग आईनेच हळूच आतेच्या हातावर थोपटलं. “पुरे आता, वन्सं. गिऱ्हाईक इला.”